मंगळसूत्र आणि मृत्युकर

२४ एप्रिल २०२४ या एका दिवसाचा हिशेब मांडला, तर निवडणुकीतला संताप कसा निपजतो आणि कोणाच्या कामी येतो, हे समजावयास दुसऱ्या पुराव्याची गरज राहू नये. त्या दिवशी सकाळी इंडियन ओव्हरसीज काँग्रेसचे अध्यक्ष सॅम पित्रोदा यांची शिकागोतील एक मुलाखत प्रसृत झाली. अमेरिकेत गडगंज संपत्ती ठेवून मरणाऱ्याच्या इस्टेटीवर कर बसतो, भारतात तसा कर नाही, अशा प्रश्नांचा लोकांनी विचार व चर्चा करावयास हवी, हा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच दिवशी छत्तीसगडमधील सरगुजाच्या सभेत पंतप्रधानांनी आयुर्विमा महामंडळाच्या जाहिरातीतील वाक्य फिरवून सांगितले की, काँग्रेस तुम्हाला जिवंतपणीही लुटील आणि मेल्यानंतरही लुटील. आणि त्याच दिवशी काँग्रेसच्या प्रवक्त्यांनी हात झटकले. पित्रोदांची मते ही दर वेळी पक्षाची मते असतात असे नव्हे, असा खुलासा आला. खुद्द पित्रोदांनीही आपण अमेरिकेतील एक उदाहरण व्यक्तिशः दिले होते, असे सांगून टाकले. दोनच दिवसांनी मतदानाचा दुसरा टप्पा होता.

पित्रोदा कोणत्याही मतदारसंघातून उभे नव्हते. काँग्रेसच्या ५ एप्रिलला प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्यात वारसा कराचे नावही नव्हते. म्हणजे एका अनुमेदवाराने न केलेल्या प्रस्तावावरून देशभर काहूर उठले आणि ज्या पक्षाने तो प्रस्ताव केलाच नव्हता त्या पक्षाने तो मागे घेतला! या प्रकाराला केवळ प्रचाराचा उथळपणा म्हणून सोडून देणे चुकीचे ठरेल. अशा संतापाचा रोख बोलणाऱ्यावर असल्याचे भासते; प्रत्यक्षात त्याचा रोख विषयावर असतो. माणसाला आठवडाभर चौकात उभे करून झोडपावयाचे, म्हणजे त्याने हातात धरलेला प्रश्न पुढची दहा वर्षे कोणी उचलावयास धजत नाही.

या कामाची एक रीत ठरून गेली आहे. वाक्य मूळ ठिकाणाहून उचलावयाचे, त्याची मागची-पुढची बाजू छाटावयाची, आणि मग त्याचे भाषांतर करावयाचे. हे भाषांतर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नसते, तर एका वर्गाच्या चिंतेतून दुसऱ्या वर्गाच्या चिंतेत असते. पित्रोदांचे उदाहरण दहा कोटी डॉलरच्या मालमत्तेचे होते. आजच्या विनिमयदराने आठशे कोटी रुपयांच्या वरची ही रक्कम. सभेत येऊन बसलेल्या शेतमजूर बाईला या रकमेची भीती कशी घालावयाची? तर तिला तिच्या गळ्यातील मंगळसूत्राची भीती घालावयाची. ती तयारी तीन दिवस आधी, २१ एप्रिलला राजस्थानात बांसवाडा येथे होऊन गेलेली होती. तुमची मालमत्ता, मायबहिणींचे सोने, फार काय मंगळसूत्रही घुसखोरांना आणि ज्यांना मुले अधिक त्यांना वाटले जाईल, असे तेथे सांगितले गेले. त्याला आधार काय, तर डॉ. मनमोहन सिंग यांचे डिसेंबर २००६ मधील राष्ट्रीय विकास परिषदेपुढचे भाषण. त्या भाषणात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, स्त्रिया, मुले आणि अल्पसंख्य अशी यादी होती. त्यातील शेवटचाच घटक तेवढा शिल्लक ठेवून उरलेल्यांना वगळण्याचा उद्योग त्याच आठवड्यात झाला, पंतप्रधान कार्यालयाने दुसऱ्याच दिवशी खुलासा केला, आणि तरीही सतरा वर्षांनंतर तोच छाटलेला तुकडा पुन्हा बाहेर निघाला. मुदतठेवीसारखा हा संताप ठेवून देता येतो आणि निवडणूक आली की व्याजासह काढता येतो.

२५ एप्रिलला मध्य प्रदेशात मुरैना येथे आणखी एक पाऊल टाकले गेले. इंदिरा गांधींची मालमत्ता सरकारजमा होऊ नये म्हणून राजीव गांधींनी वारसा कर रद्द केला, असा आरोप तेथे झाला. या आरोपाची तपासणी करावयास दोन तारखा पुरतात. इंदिरा गांधींची हत्या ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी झाली. इस्टेट ड्यूटी रद्द झाली ती १६ मार्च १९८५ रोजी किंवा त्यानंतर होणाऱ्या मृत्यूंपुरती. हा कर मृत्यूच्या तारखेस लागू असलेल्या कायद्याप्रमाणे आकारला जात असल्याने आधीच्या मृत्यूंवरील आकारणीला त्या रद्दबातलीने मुळीच धक्का लागत नव्हता. दोन तारखांची ही गोष्ट. परंतु संताप एकदा तापला म्हणजे तारखा विचारणारा माणूसच अपराधी ठरतो.

खरे तर त्या कराचा इतिहास या निमित्ताने सांगण्यासारखा होता, आणि महाराष्ट्राला त्याचे काही अगत्य असावयास हवे होते. १९५३ चा इस्टेट ड्यूटी कायदा संसदेत आणला तो चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना. देशमुखांना कोणी क्रांतिकारक म्हणणार नाही. ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेले, सनदी परंपरेत वाढलेले गृहस्थ. त्यांनाही स्वतंत्र भारतात वडिलार्जित संपत्तीच्या राशी पिढ्यान्‌पिढ्या अबाधित राहणे प्रशस्त वाटले नाही. संपत्तीचे केंद्रीकरण समाजाला घातक होऊ नये, हे घटनेचे ३९ वे कलम तेव्हा नुसते शोभेचे मानले जात नव्हते. पुढे कॅल्डॉर यांच्या शिफारशींनंतर १९५७ मध्ये संपत्ती कर आला. इस्टेट ड्यूटीचा सर्वांत वरचा दर काही काळ ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. मात्र पळवाटा इतक्या ठेवलेल्या होत्या की, १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंग यांना उत्पन्न अवघे वीस कोटी रुपयांच्या आसपास असल्याचे आणि त्या मानाने वसुलीचा खर्च जास्त असल्याचे कारण देता आले. चाळणीत पाणी राहत नाही म्हणून विहीरच बुजवण्यातला हा प्रकार! त्यानंतर तीस वर्षांनी, २०१५ च्या अर्थसंकल्पात, अरुण जेटली यांनी संपत्ती कराचीही तीच गत केली. २०१३-१४ मध्ये त्याचे उत्पन्न १,००८ कोटी होते. एक कर काँग्रेसच्या राजवटीत गेला, दुसरा भारतीय जनता पक्षाच्या. धनिकांच्या बाबतीत या दोन पक्षांमध्ये किती एकवाक्यता आहे, हे सांगावयास या दोन अर्थसंकल्पांखेरीज वेगळा पुरावा लागत नाही. म्हणूनच २०२४ च्या एप्रिलमध्ये एकाने आरोप करणे आणि दुसऱ्याने घाईघाईने कानांवर हात ठेवणे, हे भांडण वरवरचे होते.

आता या गदारोळाने कोणता प्रश्न झाकला, तेही पाहिले पाहिजे. जेमतेम महिन्यापूर्वी, मार्च २०२४ मध्ये, भारती, शान्सेल, पिकेटी व सोमांची या संशोधकांचा अहवाल प्रसिद्ध झालेला होता. त्यांच्या मते २०२२-२३ मध्ये देशातील वरच्या एक टक्का लोकांच्या हाती ४०.१ टक्के संपत्ती व २२.६ टक्के उत्पन्न होते. या अंदाजांच्या पद्धतीविषयी मतभेद जरूर असू शकतात. अर्थशास्त्रात ते असतातच. पण त्या मतभेदांवर एकही प्रचारसभा गाजली नाही. घरगुती निव्वळ वित्तीय बचत २०२२-२३ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, कित्येक दशकांतील नीचांकावर आली होती. सोनेतारण कर्जाच्या दुकानांच्या पाट्या तालुक्याच्या गावी, एस. टी. स्थानकासमोर, दवाखान्याशेजारी का वाढल्या, याचे उत्तर त्या आकड्यात आहे. बायकांच्या गळ्यातले सोने कोणा काल्पनिक घुसखोराकडे जावयाचे नसून मुलाच्या शिक्षणशुल्कापायी, नवऱ्याच्या शस्त्रक्रियेपायी ते आजच सावकाराच्या तिजोरीत जाऊन पडते, हे मंगळसूत्राची आठवण काढणाऱ्यांनी सांगावयास हवे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणून सुमारे १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडले गेले, तेव्हा कोणाच्या गळ्याला हात लागला, हेही विचारता आले असते.

आणखी एक योगायोग विलक्षण आहे. सभांमधून ही ओरड चालू असताना त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायमूर्तींचे घटनापीठ नेमक्या याच मुद्द्याची सुनावणी करीत होते. खाजगी मालमत्ता ही घटनेच्या ३९ व्या कलमातील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरते काय? हा प्रश्न उद्भवला होता मुंबईतील जुन्या, मोडकळीस आलेल्या उपकरप्राप्त इमारतींच्या प्रकरणातून. घरमालकांची संघटना एका बाजूस आणि महाराष्ट्र सरकार दुसऱ्या बाजूस. गिरगाव-लालबागच्या चाळींतून निघालेला हा वाद तीस वर्षांनंतर घटनापीठापुढे आला होता, ५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याचा निकालही लागला, आणि प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही, असे बहुमताने ठरले. मुंबईत २० मे रोजी मतदान झाले. चाळकऱ्यांच्या मतांची भीक मागत फिरलेल्या किती उमेदवारांनी त्यांना हा खटला समजावून दिला?

सगळाच संताप बनावट असतो, असे मात्र कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या प्रचारात, जत येथील सभेत सदाभाऊ खोत यांनी शरद पवारांच्या चेहऱ्यावरून टिंगल केली. कर्करोगाशी झुंजलेल्या माणसाच्या चेहऱ्याची ती टिंगल होती. तिचा निषेध स्वपक्षीय आघाडीतूनही झाला आणि तो योग्यच होता. फरक एवढाच की, खऱ्या निषेधाला एक दिवस पुरतो: शब्द मागे घेतले गेले की तो संपतो. त्याच दिवसांत मराठवाडा-विदर्भातील शेतकरी ४,८९२ रुपये क्विंटल हा सोयाबीनचा हमीभाव कागदावर वाचून बाजार समितीत त्याहून पुष्कळ कमी भावाने माल घालीत होता. त्याच्यासाठी मात्र एका दिवसाचाही संताप शिल्लक उरला नाही.

निवडणूक आयोगाकडून अपेक्षा बाळगणाऱ्यांची निराशा झाली. बांसवाड्याच्या भाषणाबद्दल तक्रार आली, तेव्हा २५ एप्रिलला आयोगाने नोटीस धाडली ती वक्त्याला नव्हे, पक्षाध्यक्ष नड्डा यांना. आणि तोल सांभाळण्यासाठी राहुल गांधींबद्दलची दुसरी नोटीस खर्गे यांना. गुन्ह्यांची प्रतवारी न करता नोटिसांची संख्या सारखी ठेवणे म्हणजे निःपक्षपात, अशी काहीशी ही कल्पना दिसते.

परंतु सत्ताधाऱ्यांना दोष देऊन समाजवाद्यांना आपले अंग काढून घेता येणार नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी आरक्षणाच्या फेरविचारासाठी समिती नेमण्याची सूचना केली. तिला विरोध करणे हे कर्तव्यच होते. पण लोहियांचा वारसा सांगणाऱ्यांनी बिहारची ती सबंध निवडणूक त्या एका वाक्यावर लढवली, जिंकली, आणि जमिनीचा प्रश्न होता तेथेच राहिला. बटाईदारांना संरक्षण द्यावे, जमीनधारणेची कमाल मर्यादा खाली आणावी असे सांगणारा बंदोपाध्याय आयोगाचा अहवाल २००८ पासून सरकारी दप्तरात पडून होता, आणि तो आयोग नेमणारे नीतीश कुमारच त्या आघाडीचे मुख्यमंत्रिपदाचे उमेदवार होते. दुसऱ्याच्या वाक्यावर निवडणूक जिंकता येते, हा धडा तेथे गिरवला गेला. मग २०२४ मध्ये तेच हत्यार उलटले म्हणून आश्चर्य कसले?

लोहियांचा स्वतःचा मार्ग निराळा होता. १९६३ मध्ये लोकसभेत त्यांनी सत्तावीस कोटी भारतीय दिवसाला तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर दिवसाला पंचवीस हजार रुपये खर्च होतात, असे सांगितले. नेहरू संतापले, सत्ताधारी बाकांवर गोंधळ उडाला. पण त्या संतापाला उत्तर आकड्यानेच द्यावे लागले. नेहरूंचे पंधरा आणे आले, नंदांचे साडेसात आणे आले, आणि दारिद्र्य मोजावे कसे हा प्रश्न संसदेच्या पटावर कायमचा नोंदला गेला. लोहियांनी दुसऱ्या दिवशी खुलासा केला नाही. आपण हे व्यक्तिशः बोललो होतो, असेही ते म्हणाले नाहीत. पित्रोदांच्या पक्षाला हे का साधू नये? पित्रोदांचा तपशील सदोष होता, हे खरे. अमेरिकेतील संघीय इस्टेट कराचा वरचा दर ४० टक्के आहे आणि २०२४ मध्ये तो सुमारे एक कोटी ३६ लाख डॉलरच्या वरच्या मालमत्तेलाच लागू होता. एवढी दुरुस्ती करून, ‘होय, या विषयावर बोलावयाचे आहे’, असे म्हणणे शक्य होते. ते न करता त्यांनी चर्चेचे मैदानच सोडून दिले. ८ मे रोजी पित्रोदांनी वर्णावरून केलेल्या एका गचाळ तुलनेपायी राजीनामा दिला, तो त्यांनी द्यावयासच हवा होता. निकालानंतर २६ जूनला पक्षाने त्यांना त्याच पदावर परत बसवले. त्यांच्या परतण्याला हरकत नसणाऱ्या पक्षाला वारसा कर परत आणण्याची मात्र हिंमत झालेली नाही.

अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्या वेळी, असा कर मध्यमवर्गाच्या मुळावर येईल, असे सांगितले. या आक्षेपाचे उत्तर प्रचार संपण्यापूर्वीच उपलब्ध झाले होते. मार्चचा अहवाल लिहिणाऱ्या संशोधकांच्या गटाने मे महिन्यात दहा कोटी रुपयांवरील संपत्तीवर वार्षिक दोन टक्के कर आणि दहा कोटींवरील वारशावर ३३ टक्के कर, अशी योजना मांडली. तीत ९९.९६ टक्के प्रौढांना एक पैही द्यावी लागत नव्हती, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.७३ टक्के इतकी रक्कम हाती येत होती. पळवाटा, न्यासांच्या आड दडवलेली मालमत्ता, परदेशी गेलेले वारस, शेतजमिनीचे मूल्यांकन हे सगळे अडथळे खरे आहेत. १९८५ पर्यंतच्या अनुभवाने ते शिकवलेच आहेत आणि त्यांवर वाद व्हावयास हवा. पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार मंगळसूत्राचे नाव काढील, त्याला त्याच्या तालुक्यातील दहा कोटींच्या वरची खातेदार घराणी किती आणि सोनेतारण दुकानांत पडलेली मंगळसूत्रे किती, हे दोन आकडे भर सभेत विचारावेत. ही विचारणा करण्याचे काम समाजवादी कार्यकर्त्यांनी आतापासून हाती घ्यावयास हरकत नाही. त्यासाठी कोणाच्या मुलाखतीची वाट पाहावी लागत नाही.