अनुदान आलं, पण आराखडा कुणाचा?

'घर पहावं बांधून, लग्न पहावं करून' असं आपण म्हणतो. आपल्याकडच्या अनेक घरांत माहेरी मराठी आणि सासरी कन्नड असा प्रकार असल्यामुळे 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु' हेही कानावर असतंच. दोन्ही म्हणींचा रोख खर्चावर आहे. गंमत अशी की, दोन्ही म्हणी घर बांधून झालं की थांबतात. पुढं दर मृगापूर्वी कौलं परतायची, टाकी धुवायची, मोटर जळली की वायंडिंग करून आणायची, यावर मात्र निदान माझ्या ऐकण्यात तरी कुठल्या भाषेत म्हण नाही.

गावांचंही असंच होतं. बी.कॉम.च्या वर्गात भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकवताना मी नेहमी पाण्याच्या पंपाचं उदाहरण देते. पंप घेतला तो भांडवली खर्च, त्याचं वीजबिल हा महसुली खर्च. मुलांना हे चटकन समजतं. मग मी विचारते, 'येत्या पाच वर्षांत तुमच्या गावात कुठली मोठी कामं, कुठल्या क्रमानं, कुठल्या पैशातून होणार आहेत, हे लिहिलेला कागद कुणी पाहिलाय?' वर्ग गप्प. एकदा निपाणीकडच्या एका मुलीनं सांगितलं, 'मॅडम, आमच्याकडं अनुदान आलं की कळतं काय होणार ते.' मला वाटतं, नगर-प्रशासनावरच्या जाड पुस्तकांत जे सापडत नाही, ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं.

तिच्या वाक्यातला 'अनुदान' हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. पुढचे शब्द मात्र फसवे आहेत. मराठीत 'कामगार' म्हणजे राबणारा माणूस, तर कन्नडमध्ये 'कामगारी' म्हणजे ते बांधकामच. आपल्या नगरसभांत, पुरसभांत 'क्रिया योजने' तयार होते, म्हणजे आलेल्या पैशांतून कुठल्या कामगाऱ्या घ्यायच्या त्याची यादी. त्यातले २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर गरिबांसाठी, ५ टक्के अपंगांसाठी राखून ठेवायचे, हा हिशेब नगरसेवकांना तोंडपाठ असतो. पण ही यादी पैसा आल्यावर होते. भांडवली कामांचा आराखडा पैसा येण्याआधी करायचा असतो.

अमेरिकेतल्या लहान लहान गावांतसुद्धा असा पाच-सहा वर्षांचा आराखडा करण्याची पद्धत आहे. त्याची घडण पंचांगासारखी असते. दरवर्षी पहिलं वर्ष गळून पडतं, शेवटी एक नवं वर्ष जोडलं जातं, आणि जे वर्ष दारात आलं असेल त्यातली कामं त्या साली अंदाजपत्रकात जातात. कुठली जलवाहिनी किती जुनी, कुठला पूल कधी बदलावा लागेल, त्याला कर्ज काढायचं की शिल्लक वापरायची, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. ज्या गावाला पहिला आराखडा करायला माणूसबळ नसतं, त्याला सल्लागार नेमण्यापुरतं अनुदान देण्याची सोयही काही राज्यांत आहे. म्हणजे बांधकामाला नव्हे, तर विचार करायला अनुदान!

आपल्याकडे विचार करायला पैसे कधी कुणी दिलेच नाहीत, असं मात्र समजू नका. बेळगावला ते मिळाले होते.

बेळगावची नगरपालिका १८५१ सालची, महापालिका १९८४ पासूनची. या दीडशे वर्षांत मोठी कामं झाली ती एकेक करून, जेव्हा जी गरज बोंब मारील तेव्हा. राकसकोपचा जलाशय १९६२ चा. तो अपुरा पडू लागल्यावर हिडकलचं पाणी आणलं. त्यानंतर जागतिक बँकेनं २००४ साली ३ कोटी ९५ लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि हुबळी-धारवाड, बेळगाव, गुलबर्गा या शहरांच्या ठराविक भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. एका फ्रेंच कंपनीनं तो चालवला. बेळगावात २००८ मध्ये ५८ पैकी सुमारे १० वॉर्डांत नळ दिवसरात्र वाहू लागले. ज्यांना मिळालं त्यांनी घरातली पिंपं काढून टाकली. बाकीचे वॉर्ड पाण्याच्या पाळीची वाट बघत राहिले. पुढच्या टप्प्याला जागतिक बँकेचं १० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं ते २०१६ मध्ये. प्रयोग यशस्वी ठरूनही मधे आठ वर्षं गेली, कारण दहा वॉर्डांनंतर अकरावा कुठला आणि त्याचे पैसे कुठून, हे शहरानं स्वतःसाठी आधी लिहून ठेवलेलं नव्हतं.

तसं लिहून ठेवण्याची संधी आली २०१५ मध्ये. स्मार्ट सिटीच्या स्पर्धेसाठी निवडलेल्या प्रत्येक शहराला, प्रस्ताव तयार करण्यापुरते म्हणून केंद्रानं २ कोटी रुपये देऊ केले. कर्नाटकातून सहा शहरं त्या यादीत होती. २८ जानेवारी २०१६ रोजी पहिल्या वीस शहरांची नावं जाहीर झाली, त्यात कर्नाटकातून दावणगिरी आणि बेळगाव, महाराष्ट्रातून पुणे आणि सोलापूर. आपल्यासारखंच दोन भाषांत संसार करणारं सोलापूर बरोबर असल्याचं अनेकांना विशेष वाटलं. केंद्राचे ५०० कोटी आणि तेवढेच राज्याचे, असा हजार कोटींचा हिशेब गल्लीगल्लीत झाला.

माझ्या मते, बेळगावचा पहिला खराखुरा भांडवली आराखडा हाच. शहराच्या गरजांवर एवढ्या तपशिलानं यापूर्वी कुणी लिहिलं नव्हतं. पण 'अंथरूण पाहून पाय पसरावे' म्हणतात ना, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु', तसं इथं झालं, आणि अंथरूण दिल्लीहून शिवून आलेलं होतं. नियम असा की, शहराचा एक ठराविक पट्टा निवडून त्याचा कायापालट करायचा, आणि उरलेल्या सगळ्या शहरासाठी तंत्रज्ञानाचा एखाद-दुसरा उपाय. जुन्या वस्तीतली गटारं त्या पट्ट्याबाहेर असली, तर ती प्रस्तावाबाहेर. गरज कुठं आहे यापेक्षा कुठं दाखवता येईल, याला मोल आलं. पैसे खर्च करायला महापालिका आणि राज्य सरकार यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची वेगळी कंपनी, बेळगावी स्मार्ट सिटी लिमिटेड. शिवाय प्रस्ताव इंग्रजीत, कारभार कन्नडमध्ये आणि कट्ट्यावरची चर्चा मराठीत! तीन भाषांच्या या प्रवासात किती अर्थ गळला असेल, याचा हिशेब कुठल्याही विनियोग प्रमाणपत्रात येत नाही.

याहून मोठी गोष्ट फार कमी बोलली जाते. आधीच्या सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली. नवी निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि महापौर निवडले गेले फेब्रुवारी २०२३ मध्ये. म्हणजे स्मार्ट सिटीची कामं ऐन भरात असताना जवळजवळ चार वर्षं बेळगावला महापौरच नव्हता. अधिकाऱ्यांनी कामं केली, नाही असं नाही. रस्ते झाले, पदपथ झाले, टिळकवाडीत कलामंदिरच्या जागी नवी इमारत उभी राहिली. पण 'हे आधी का, ते नंतर का' असं भर सभेत उठून विचारणारं कुणी नव्हतं. पक्ष कुठलाही असो, भाषा कुठलीही असो, हा प्रश्न विचारण्यासाठीच तर वॉर्डातून माणूस पाठवायचा असतो.

योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. आता मागं काय राहिलं? शहापूरच्या बँक ऑफ इंडियापासून जुन्या पी.बी. रोडपर्यंतच्या रस्त्याचंच पाहा. रस्ता झाला योजनेतून. जागेचा वाद न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये सुमारे २० कोटी रुपयांच्या भरपाईचा विषय येऊन पडला तो महापालिकेच्या सभागृहापुढे. अनुदानाच्या कागदावर डांबर-काँक्रीटचा खर्च असतो, पण रस्त्याखालची जमीन कुणाची, हे बघायचं काम गावाचंच राहतं. दिवे, कॅमेरे, नियंत्रण कक्ष, बागा यांचंही तेच. योजना गेली, वीजबिल राहिलं. कन्नडमध्ये देखभालीला 'निर्वहणे' म्हणतात. आपला 'निर्वाह' त्याच घराण्यातला. बांधलेल्या गोष्टीचाही निर्वाह चालवावा लागतो, हे त्या शब्दात आपोआप आलंय.

शेजारचे निवृत्त मास्तर परवा म्हणाले, 'काय ओ मॅडम, फुकट आलेला पैसा बी नको म्हणायचा काय?' नको कशाला म्हणायचं? पण फुकट तो नसतोच. निपाणीहून तासाभराच्या अंतरावरच्या कोल्हापूरचं उदाहरण घ्या. काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनची योजना केंद्राच्या लहान-मध्यम शहरांसाठीच्या योजनेत बसली. त्या योजनेचा साचा केंद्र ८० टक्के, राज्य १० आणि पालिका १०, असा. ऐकायला किती गोड! काम २०१४ मध्ये सुरू झालं आणि पाणी शहरात आलं ते २०२३ च्या दिवाळीत. काही वर्षं परवानग्यांत आणि अडचणींत गेली. या काळात लोखंडाचे भाव कुणासाठी थांबत नाहीत. कोल्हापूरकरांनी चिकाटी सोडली नाही, म्हणून दूधगंगेचं पाणी नळाला आलं. पण आपल्या वाट्याचे दहा टक्के म्हणजे नेमके किती आणि किती वर्षं, हे पहिल्या दिवशी मांडून ठेवलं तर अशा योजनेत दम टिकतो.

आता निपाणीसारख्या गावांकडे वळू. निपाणीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६२ हजार ८६५ होती. स्मार्ट सिटीच्या यादीत ती नव्हती, आणि २०१५ च्या अमृत योजनेत एक लाखावरची शहरं घेतल्यामुळे तिथंही दार बंद. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमृतचा दुसरा टप्पा आला तेव्हा सगळ्या नागरी गावांना वाट मोकळी झाली, आणि एक लाखाखालच्या गावांना केंद्राचा वाटा प्रकल्पखर्चाच्या निम्मा ठेवला. एक ते दहा लाखांच्या शहरांना एक-तृतीयांश. लहान गावाला इतका उजवा हात क्वचित मिळतो. पण उरलेला निम्मा राज्य आणि गाव यांनी मिळून उभा करायचा, आणि पंधराव्या वित्त आयोगानं तर २०२१ ते २०२६ या काळासाठी अटच घातली होती की, लेखापरीक्षण झालेले हिशेब लोकांना पाहता येतील असे ठेवा, मालमत्ता कराचा किमान दर ठरवा, नाहीतर अनुदान विसरा. लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला, ४० टक्के मोकळा. हा मोकळा भाग कुठं जातो, यावरून गावाचा स्वभाव कळतो. कमान की गटार, एवढाच प्रश्न असतो. आजवरचा अनुभव विचाराल तर कमानीचं पारडं जड!

मालमत्ता कराचं नाव काढलं की घरात चेहरे पडतात. कर्नाटकात २००२ पासून आपला कर आपणच मोजून भरायची पद्धत आहे. कुणी चौरस फूट चार कमी लिहितो, कुणी माडीचा उल्लेखच विसरतो. आणि तोच माणूस गटार तुंबलं की पहिला फोन करतो. तेरिगे आणि तक्रार यांचा संबंध आपण मुलांना शिकवत नाही.

पहिला आराखडा गावानं स्वतः करायचा तर सुरुवात महागड्या सल्लागारापासून करायची गरज नाही. जमिनीखालच्या जलवाहिन्या कुठं आहेत आणि कुठल्या सालच्या, हे आज बऱ्याच गावांत नकाशापेक्षा जुन्या व्हॉल्व्हमनला जास्त ठाऊक असतं. तो निवृत्त झाला की गावाचा अर्धा नकाशा त्याच्याबरोबर घरी जातो. त्याला चार दिवस बरोबर घेऊन फिरलं, वॉर्डावॉर्डातून कागदावर रेघा ओढल्या, प्रत्येक टाकीचं, पंपाचं, पुलाचं वय लिहिलं, तर निम्मं काम होतं. नवा रस्ता आधी आणि जलवाहिनी मागून, हे दृश्य सीमाभागात कुणाला नवं नाही. ते टाळायला संगणक लागत नाही, क्रम लागतो. मग प्रत्येक कामापुढं दोन आकडे हवेत. एक बांधायचा खर्च, दुसरा पुढं दरवर्षी चालवायचा खर्च. दुसरा रकाना रिकामा असेल, तर ते काम कितीही देखणं असलं तरी थांबवायला हवं. आणि हा कागद कन्नड आणि मराठी, दोन्हीत हवा. राजकारणासाठी नव्हे, तर ज्या बाईच्या दारातून ते गटार जाणार तिला तो वाचता यावा म्हणून.

नगरसभांत अंदाजपत्रकापूर्वी नागरिकांच्या सभा बोलावतात. बहुतेक वेळा पहिल्या रांगेत कंत्राटदार असतात, मागं दोन-चार पत्रकार आणि एखादे निवृत्त मास्तर. बायका जवळजवळ नसतातच. पाण्याची वेळ मात्र घरातली बाईच सांभाळते, कुठल्या गल्लीत नळ किती वाजता येतो आणि किती वाजता जातो हे तिच्याइतकं कुठल्या अभियंत्याला ठाऊक नसतं. यंदा निपाणीकडच्या त्या मुलीला मी सांगितलंय, आईला घेऊन त्या सभेला जा आणि पाच वर्षांच्या कामांची यादी माग. यादी नाही म्हणाले तर कधी होणार ते विचार, आणि उत्तर वहीत लिहून आण.