दिवा, हात आणि चेहरा

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर हातात दिवा घेतलेली बाई नसली, तर हा अंक दिवाळीचा की शिमग्याचा असा संशय यावा, इतके या दोघांचे नाते जुने आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी मराठी घरांना ही गोड सवय लावून दिली. तेव्हापासून दर आश्विनात एक ना एक दीपधारिणी आपल्या उंबऱ्यावर येऊन उभी राहते. आपण तिच्याकडे घटकाभर पाहतो, पान उलटतो आणि चिवड्याच्या डब्याकडे वळतो. या सगळ्या दीपधारिणींची थोरली बहीण मात्र म्हैसूरला असते. यंदा तिच्यापासून सुरुवात करू.

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात एक चित्र आहे. एक तरुण स्त्री उभी आहे, एका हातात दिवा आहे आणि वारा लागू नये म्हणून दुसरा हात तिने ज्योतीपुढे धरला आहे. पाहणारे बहुधा ‘वा, रविवर्मा!’ असे म्हणून पुढे सरकतात. राजा रविवर्मा 1906 साली निवर्तले आणि हे चित्र 1945-46 च्या सुमाराचे आहे, हा हिशेब कोणी करीत नाही. चित्रकार आपल्या सावंतवाडीचे, सावळाराम लक्ष्मण हळदणकर. चित्रातली स्त्री त्यांचीच मुलगी गीता. दिवाळीच्या दिवसांत तिला दिवा घेतलेली पाहून वडिलांना हे चित्र सुचले, असे सांगतात. या गीताताई उपळेकर पुढे कोल्हापुरात राहत आणि 2018 साली वयाची शंभरी ओलांडून गेल्या. त्यांच्या हातातला दिवा मात्र अजून विझलेला नाही.

आता या चित्रातली खरी गंमत ऐका. हे चित्र जलरंगातले आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून रंग चढवून ती झाकता येते; जलरंगात तशी सोय फारशी नाही. तिथे पांढरा रंग म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरेपणा. ज्योत जिथे हवी तिथला कागद आधीपासून कोरा राखायचा आणि अंधार भोवतीने हलक्या हाताने, थरावर थर देत आणायचा. एकदा ओला कुंचला त्या कोऱ्या जागेत घसरला, की दिवा विझलाच म्हणायचा! म्हणजे दिवा रंगवायचा तो दिव्याला हात न लावता.

दुसरी अडचण याहून मोठी. खरी ज्योत आणि खोलीतला काळोख यांच्या उजेडात हजारो पटींचे अंतर असते. कागदाचा पांढरा आणि रंगातला काळा यांच्यात ते फार तर काही दहा पटींचे. मग हळदणकरांचा कागद उजळतो कशाने? शेजाराने. चित्रकार भोवतालचे सगळे काही पायरीपायरीने खाली उतरवतो; पदर मंद करतो, भिंत त्याहून मंद करतो, आणि मग साधा कोरा कागद ज्योतीसारखा पेटतो. शिवाय ज्योतीपुढे धरलेल्या हाताची बोटे पाहा. उजेड त्यांच्यातून आरपार येऊन लालसर झाला आहे. आपल्या सगळ्यांची बोटे दिव्यापुढे तशीच दिसतात, पण ते चित्रात पाहीपर्यंत आपल्या ध्यानात आलेले नसते.

अशा चित्रांना आपण एका शब्दात पावती देऊन मोकळे होतो: ‘हुबेहूब!’ आणि फारच खूश झालो तर, ‘अगदी फोटोसारखे!’ चित्रकाराला ही स्तुती कशी लागत असेल, ते सुगरणीला ‘अगदी हॉटेलातल्यासारखी भाजी झाली हो’ असे सांगून पाहिल्यास कळेल.

मी परभणीला महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आमच्या गावाबद्दल कोणी काढली कोण जाणे, पण ती पाहुण्यांच्या तोंडी ऐकायची आम्हाला सवय झाली आहे. वर्गात वास्तववाद शिकवताना मी चित्रकलेचे दाखले देतो, तेव्हा मागच्या बाकावरून एक प्रश्न ठरल्यासारखा येतो: ‘सर, मोबाईलमध्ये एका सेकंदात फोटो निघतो, मग महिनाभर बसून तेच काढायचे कशाला?’ प्रश्न उद्धटपणाचा नाही, रास्त आहे. त्याला उत्तर द्यायचे तर मला तीन चेहरे दाखवावे लागतात: एक निघून गेलेला, एक रोज समोर असलेला आणि एक कोणीच न पाहिलेला.

निघून गेलेला चेहरा पुण्यात आहे. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली गंधर्वांची दोन पूर्णाकृती चित्रे आहेत, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. गंधर्व 15 जुलै 1967 रोजी गेले आणि रंगमंदिर उघडले ते 1968 च्या जूनमध्ये. त्यांचे ते ऐन भरातले रूप लोपून तेव्हा कित्येक दशके झाली होती. म्हणजे जे रूप प्रेक्षकांच्या आठवणीत आणि जुन्या छायाचित्रांत उरले होते, ते देऊसकरांना पुन्हा रक्तामांसाचे करायचे होते. जुन्या छायाचित्रात शालूची घडी असते, पण शालूचा रंग नसतो. नजर असते, पण तिचे पाणी नसते. ते चित्रकाराने कुठून आणायचे? ज्याने शेकडो जिवंत माणसे समोर बसवून रंगवली आहेत, त्याच्याच हातात ते साठलेले असते.

रोज समोर असलेला चेहरा वासुदेव कामतांच्या घरातला. कामत मूळचे कारकळचे, जन्म 1956 चा, आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून ते 1977 साली पदविका घेऊन बाहेर पडले. 2006 साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर पुरस्कार त्यांना मिळाला, तो कुणा राजाच्या किंवा मंत्र्याच्या चित्रासाठी नव्हे, तर स्वतःच्या पत्नीच्या चित्रासाठी! घरातल्या माणसाचा चेहरा आपण खरोखर पाहायचे कधी सोडून देतो, हे कुठल्याही संसारी माणसाला विचारा. चष्मा बदलला तरी चार दिवस कळत नाही आणि मग त्यावरून जे ऐकावे लागते ते वेगळेच. परिचयाची ही साय बाजूला सारून त्या चेहऱ्याकडे नव्याने पाहणे हेच मला त्या चित्रातले मोठे काम वाटते.

आणि तिसरा चेहरा, कोणीच न पाहिलेला, तोही कामतांच्याच हातचा. अयोध्येत 22 जानेवारी 2024 रोजी ज्या बालरूप रामाची प्रतिष्ठापना झाली, त्या मूर्तीसाठीची रेखाटने त्यांची; पाषाणात ती मूर्ती घडवली म्हैसूरच्याच अरुण योगीराजांनी. पुढे 2025 साली कामतांना पद्मश्री मिळाली. वास्तववादी चित्रकाराने न पाहिलेल्याचे चित्र काढायचे म्हणजे वदतोव्याघातच की, असे एखादा तर्कशास्त्री म्हणेल. पण पाच वर्षांचा मुलगा तर सर्वांनी पाहिलेला आहे. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सात-साडेसात पट भरते, पाच वर्षांच्या मुलाची सुमारे सहा पट. गाल भरलेले, हनुवटी लहान, डोळे चेहऱ्याच्या मानाने मोठे. एवढे अंगवळणी असले, की भाव कोणता आणायचा याचा विचार मोकळ्या मनाने करता येतो. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईला तरी कोणी पाहिले आहे? पण जात्याच्या खुंट्यावरचा तिचा हात चुकीचा काढलात, तर खेड्यातली कोणतीही म्हातारी सांगेल, ‘असं दळत नसतेत, बाबा!’

हे झाले थोरामोठ्यांचे. तीन वर्षांपूर्वी हा सगळा प्रश्न आमच्या घरात येऊन बसला. माझ्या आजीचे एकच छायाचित्र आहे: मतदार ओळखपत्रावरचे, बोटाच्या पेराएवढे, त्यातही ती कॅमेऱ्यावर रागावलेली. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठच्या गावी तिचे आयुष्य गेले. निजामाच्या राज्यात जन्मली, पुढे तीन राज्ये बदलली, पण फोटो काढायला ती कधी शहरात गेली नाही. वडिलांनी सत्तरी ओलांडली, तेव्हा त्यांना वाटले, भिंतीवर आईचे एक चित्र असावे. ओळखपत्रावरचा फोटो एका दुकानात नेऊन मोठा करवला, तर संगणकाने आजीला गोरी करून, सुरकुत्या पुसून, एखाद्या मालिकेतल्या सासूसारखी करून दिली. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी ती चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मग आम्ही गावातल्याच एका चित्रकारांकडे गेलो. त्यांची हयात पाट्या आणि पुढाऱ्यांची चित्रे रंगवण्यात गेली. फ्लेक्स आले तशा पाट्या गेल्या. आता ते मुलांची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी करून घेतात. सगळे त्यांना सर म्हणतात. सरांनी फोटो पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारले, “स्वयंपाकघरात उजेड कोणत्या बाजूनं यायचा?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. वडील म्हणाले, “दारातून. चुलीपुढं बसली की डाव्या अंगानं.” दुसरा प्रश्न, “कुंकू कोरडं की मेणावर?” मेणावर. तिसरा प्रश्न, “तोंडवळा कोणाचा घेतलाय?” यावर मात्र एकमत झाले: आत्याचा.

म्हणून आत्या परभणीला आली. तीन सकाळी सरांनी तिला खिडकीशी बसवले, डावीकडून उजेड येईल अशी. पहिल्या दिवशी पाते लावून पाहणे कसे असते ते मी पाहिले. सर डोळे किलकिले करून बघत. त्याने बारकावे पुसले जातात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडेच उरतात, असे ते म्हणाले. आधी एकाच तपकिरी रंगात सावलीचा आकार मांडला; डोळे, ओठ काही नाही. आत्या वैतागली: “सर, कवापासून बघायलात, अन् नाक तर काढलंच न्हाई!” सर हसून म्हणाले, “नाक सावलीतून आपोआप येतंय, आत्याबाई. ओढून काढलं की ते चिकटवल्यासारखं दिसतंय.” दुसऱ्या दिवशी रंग पातळ होते, तिसऱ्या दिवशी तेल वाढले, कारण खालचा थर वरच्यापेक्षा तेलकट असला तर वरचा आधी वाळतो आणि पुढे तडकतो. गालाच्या हाडावर त्यांनी एक निळसर छटा ठेवली. जवळून ती चूक वाटे. चार पावले मागे गेले की ती म्हातारी कातडी होई.

भांडण झाले ते गोंदणावरून. आजीच्या हनुवटीवर गोंदण होते हे नक्की. फोटोत ते उमटलेले नाही. वडील म्हणत, तीन ठिपके. आत्या म्हणे, पाच. दोघेही त्याच आईच्या मांडीवर वाढलेले! आत्याच्या डोळ्यांत पाणी आले. “माझी माय मला ठाऊक न्हाई का?” वडील उठून अंगणात गेले. मला तेव्हा कळले, की दोघे ठिपक्यांवरून भांडत नव्हते. आपल्यापैकी एकाची आई थोडी पुसली गेली आहे, ही भीती दोघांना वाटत होती.

सर शांतपणे कुंचला पुसत बसले. मग त्यांनी हनुवटीखालची सावली थोडी वर चढवली आणि त्या सावलीत एक हिरवट भास तेवढा सोडला, मोजता येणार नाही असा. “जे मी पाहिलं नाही अन् तुमचं ठरत नाही, ते मी स्वच्छ उजेडात कसं काढू?” एवढेच ते म्हणाले. चित्र आज वडिलांच्या खोलीत आहे. वडिलांना त्यात तीन ठिपके दिसतात. आत्या येते तेव्हा ती पाच मोजते.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी आता हे सांगतो. यंत्राने आमच्या आजीच्या चेहऱ्यातल्या रिकाम्या जागा ठोकताळ्याने भरल्या आणि ठाम खोटे पुढे केले. चित्रकाराने काय माहीत आहे आणि काय नाही याची वाटणी केली. माहीत होते त्याला उजेड दिला, नव्हते त्याला सावली. वास्तववाद म्हणजे सगळे काढणे नव्हे. हळदणकरांनी ज्योत कोरी सोडली, ती याच जातीच्या शहाणपणाने.

तेव्हा वाचकहो, यंदा भाऊबीजेला घर भरलेले असेल, तेव्हा एक करून पाहा. घरातले सर्वांत वडीलधारे माणूस खिडकीशी बसवा. मोबाईल आत ठेवा. चित्र येत असेल तर काढा, येत नसेल तर नुसते बघा, पण अर्धा तास बघा: उजेड कोणत्या बाजूने येतो, कुंकवाखालची कातडी किती सुरकुतली आहे, हसताना आधी डोळे हसतात की ओठ. ते माणूस म्हणेल, ‘असं काय बघतोस मेल्या, नजर लागंल.’ लागू द्या. आणि हो, गोंदणाचे ठिपके असतील, तर ते मोजून कुठेतरी लिहून ठेवा.