ग्वाल्हेरची पेटी आणि आमचा गोंगाट

ग्वाल्हेरचे नाव निघाले की आपल्याकडची संगीतप्रेमी मंडळी कानाच्या पाळीला हात लावतात. हद्दूखाँ-हस्सूखाँचे ते गाव. इचलकरंजीच्या बाळकृष्णबुवांनी तिथली गायकी इकडे आणली, आणि त्यांचे शिष्य, कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर, यांनी ती देशभर नेली. त्यामुळे जुने, शुद्ध आणि कधी न बदलणारे ते ग्वाल्हेर, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. मे महिन्यात मावशीकडे लष्कर भागात पंधरा दिवस राहून आल्यापासून मला मात्र हे समीकरण पटेनासे झाले आहे. ग्वाल्हेर हे नव्या आवाजांना घरात घेणारे गाव होते, असे माझे मत आहे.

पेटीचेच पाहा. आपण मराठी-कन्नड दोन्ही मंडळी तिला पेटीच म्हणतो आणि नाटक कंपनीतला पेटीमास्तर दोन्ही भाषांत तोच असतो. पण मूळची ती आपली नव्हे. 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये तिचे पेटंट घेतले गेले. पायाने भाता मारायचे ते वाद्य कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास हाताच्या भात्याचे केले. अशा या परक्या वाद्याला मैफलीत मानाची जागा मिळवून देणारे भैया गणपतराव ग्वाल्हेरचे. महाराज जयाजीराव शिंदे यांचे ते पुत्र, आई चंद्रभागाबाई गायिका. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. नेमक्या त्याच पेटीवर त्यांनी ठुमरी वाजवली, आणि मौजुद्दीन, गौहरजान यांच्यासारखे त्यांच्याकडे शिकले. परंतु हे गणपतराव आधी बीनकार बंदेअली खाँ यांच्याकडे शिकलेले होते, ही गोष्ट आमच्या प्रयोगवाल्या मित्रांनी जरा लक्षात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

सरोदाची कथाही तशीच. जिवाजीगंजात हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरात आता 'सरोद घर' हे संग्रहालय आहे. अफगाणी रबाबाची लाकडी पट्टी काढून धातूचा पत्रा बसवला, तातीच्या जागी धातूच्या तारा आल्या, आणि घुमून विरणारा आवाज लांब टिकू लागला. हे नेमके कोणी केले याबद्दल घराण्याघराण्यांत वाद आहे. हाफिज अलींचे घराणे आपल्या गुलाम अली खाँचे नाव सांगते. श्रेय कोणाचेही असो, कोणीतरी सुतारकाम-लोहारकाम केले, लोकांनी नाके मुरडली असतील, आणि आज ते शास्त्रीय वाद्य आहे.

ग्वाल्हेरच्या पेटीला नभोवाणीने काय वागवले? 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद! तिच्या स्वरांत श्रुती नाहीत, ती परदेशी आहे, ती गळा बिघडवते, असे आक्षेप होते. खुद्द रवींद्रनाथ या बंदीच्या बाजूचे. आक्षेप अगदीच खोटे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. आपल्या भागातील देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी त्याआधीच बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली होती. 1916 च्या बडोद्याच्या परिषदेत तिच्यावर वाद झाला आणि ती चालली नाही. वाणिज्य शाखेच्या भाषेत हा व्यवहार बुडीत खात्यात गेला. पण निदान त्या दोघांनी आक्षेपाला नव्या वाद्याने उत्तर दिले. रेडिओने उत्तर दिले ते परिपत्रकाने. बंदी उठायला 1971 साल उजाडले, आणि एकल वादनाला त्यानंतरही बराच काळ दार बंदच होते. या एकतीस वर्षांत बेळगावात रामभाऊ विजापुऱ्यांसारखे लोक पेटी वाजवीत आणि शिकवीत राहिले, म्हणून ती जगली.

गंमत अशी की, पेटीला बाहेर ठेवणारा तोच रेडिओ इतरत्र स्वतःच वाद्य झाला. 1951 साली अमेरिकेच्या जॉन केज यांनी बारा रेडिओंची रचना केली. प्रत्येक रेडिओला दोन माणसे, एक स्टेशन फिरवणार, दुसरा आवाज कमीजास्त करणार. जे लागेल ते संगीत. हसू येते ना? मलाही आले. पण हे केज 1946 साली अहमदाबादच्या गीता साराभाई यांच्याकडे आपले संगीत समजून घेत होते. आणि 1969 साली अहमदाबादच्याच राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवून आपल्या लोकांनी त्यावर ध्वनिफिती केल्या. म्हणजे हे खूळ केवळ साहेबाचे नव्हे.

आता आपल्याकडे येतो. गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या दोघा मित्रांनी, एक मराठी, एक कन्नड, बिस्किटांच्या डब्यावर ब्रेकच्या तारा ताणून केलेले वाद्य आणि दोन जुने ट्रान्झिस्टर नेले. दोन स्टेशनांच्या मधली खरखर आणि तारेचा घुमारा यांचा सात मिनिटांचा कार्यक्रम होता. तिसऱ्या मिनिटाला घंटा वाजली. 'वाद्य मान्य यादीत नाही' असा शेरा मिळाला. कार्यक्रम वाईट होता असे परीक्षक म्हणाले असते तर माझी तक्रार नव्हती. खरे सांगायचे तर मधली दोन मिनिटे कंटाळवाणीच होती. पण यादीत नाही म्हणून ऐकायचेच नाही, हा 1940 चा न्याय झाला.

मात्र दोष एकट्या परीक्षकांचा नाही. आमच्या मित्रांनी ते वाद्य किती दिवस वाजवले होते? चार. शिकवले कोणी? कोणीच नाही. 1918 साली माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने ग्वाल्हेरला संगीत विद्यालय काढले, तेव्हा फळ्यावर स्वरलिपी लिहून वर्गात गाणे शिकवणे हाही धाडसी प्रयोगच होता. त्याच सुमारास मैहरला अल्लाउद्दीन खाँ बंदुकीच्या नळ्यांचे 'नलतरंग' बनवून अनाथ मुलांच्या वाद्यवृंदाला तयार करीत होते. त्या मुलांना विचित्र वाद्य मिळाले तसा कडक उस्तादही मिळाला. आम्हाला डबा मिळाला, उस्ताद मिळाला नाही.

म्हणून संगीत मंडळाकडे एक मागणी आहे. शनिवारी दुपारी मंडळाची खोली रिकामी असते. ती दोन तास द्यावी. पेटी शिकवणाऱ्या गुरुजींनी महिन्यातून एकदा येऊन आमचे ऐकावे आणि स्वर कुठे चुकतो ते सांगावे. भौतिकशास्त्राच्या एखाद्या सरांनी रेडिओ उघडून दाखवावा. खर्च म्हणाल तर भंगारातले चार ट्रान्झिस्टर, तारा आणि डाग देण्याचे सामान. वर्गणीतून भागेल, हिशेब मी ठेवतो. आणि संमेलनाच्या अर्जात वाद्याच्या नावापुढे एक रकाना कोरा ठेवावा.