आधी ब्रेक, मग वेग



सहामाही परीक्षेच्या आधीच्या शनिवारी शाळेच्या मैदानावर आपली तिचाकी वळणावर उलटली आणि नववीतल्या एका विद्यार्थ्याच्या कोपराचे हाड मोडले. आता प्लॅस्टर निघाले आहे, हातही बरा आहे. परंतु त्याच्या आईने आम्हांला जे पत्र लिहिले, ते आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. 'शाळेत मुलगा शिकायला पाठवला होता, शर्यतीला नव्हे. ती गाडी कुलूपबंद करा,' असा त्याचा आशय आहे. पालक-विश्वस्त सभेत अनेकांनी त्यास दुजोरा दिला. तिचाकी भंगारात द्यावी आणि भांडारालगतची खोली दुसऱ्या कामास घ्यावी, अशी सूचनाही आली आहे.

आमचे मत वेगळे आहे. सभेत ते नीट मांडता आले नाही, म्हणून या अंकात मांडत आहोत. प्रथम हे सांगितले पाहिजे की झाल्या प्रकारात मुलांपेक्षा आमची चूक मोठी होती.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. हिला इंग्रजीत रिकम्बंट ट्राईक म्हणतात. पुढे दोन चाके, मागे एक. चालवणारा आरामखुर्चीत बसल्याप्रमाणे मागे रेलून बसतो, पाय पुढे आणि पायडल पुढच्या चाकांच्याही पुढे. आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने इंजिनिअरिंग कॉलेजात असताना मित्रांसह ती बांधली होती. माणसाच्या पायांवर आणि विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या तिचाक्यांची 'एफिसायकल' ही स्पर्धा आपल्या देशात होते, तिच्यासाठी. मोटार आणि बॅटरी काढून घेऊन बाकीची गाडी त्याने शाळेस भेट दिली.

मुलांनी ती आठ दिवस चालवली आणि नवव्या दिवशी विचारले, 'सर, हिला आणखी जोरात पळवू का?' आम्हांला कौतुक वाटले. आम्ही होकार दिला. कसे पळवणार, हे विचारले नाही. इथे आमची चूक झाली.

मुलांनी एका आठवड्यात पाच गोष्टी केल्या. मडगार्ड, आरसा आणि मागची झेंड्याची काठी काढून वजन कमी केले. पुढचे चेनव्हील मोठे बसवले. सीट आणखी आडवी केली. पातळ टायर घातले. टायरांत हवा जास्त भरली. आपल्या मैदानाची 200 मीटरची फेरी पूर्वी 40 सेकंदांत होत असे, म्हणजे ताशी 18 कि.मी. ती 30 सेकंदांवर आली, म्हणजे ताशी 24 कि.मी. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, त्यात आम्हीही होतो. पुढच्याच फेरीत कडुनिंबाजवळच्या वळणावर आतले चाक उचलले गेले आणि गाडी पडली. ब्रेककडे मात्र कोणी पाहिलेच नव्हते. डावा ब्रेक उजव्यापेक्षा ढिला होता.

आमचे बी.एस्‌सी.पर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'वायु प्रतिरोध' आणि 'अपकेंद्रीय बल' यांची सूत्रे आम्हांला आजही पाठ आहेत, परीक्षेत गुणही चांगले मिळाले होते. तीच सूत्रे समोर मैदानावर धावत होती आणि आम्हांला ती ओळखता आली नाहीत. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 18 वरून 24, म्हणजे वेग फक्त एक तृतीयांशाने वाढला, पण तो जोर पावणेदोन पटींहून जास्त झाला. कडुनिंबाजवळच्या वळणाची त्रिज्या जेमतेम सहा मीटर आहे. तिथे ती गाडी उलटणारच होती. दहा मिनिटे फळ्यावर गणित केले असते तर हाड मोडले नसते.

या गाड्यांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की हा धडा फार जुना आहे. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचे एक कारागीर होते. मुलाने सायकल चालवणे घरच्यांना धोक्याचे वाटत होते, म्हणून त्यांनी त्याच्यासाठी चार चाकांची पायगाडी बनवली. ती इतकी आवडली की मोशे मोठ्यांसाठीही तशा 'व्हेलोकार' बनवू लागले. परंतु वेगात वळण घेताना ती अस्थिर होई. मग त्यांनी तीन चाकांचा प्रयोग केला, तोही साधला नाही. शेवटी ते दोन चाकांच्या, रेलून चालवायच्या सायकलीपर्यंत आले. 7 जुलै 1933 रोजी पॅरिसमध्ये त्याच सायकलीवर फ्रान्सिस फॉरे या स्वाराने एका तासात 45.055 कि.मी. अंतर कापले आणि ऑस्कर एग यांचा 1914 सालचा 44.247 कि.मी.चा विक्रम मागे पडला. फॉरे हे त्या काळच्या अव्वल स्वारांत गणले जात नव्हते. फरक बसण्याच्या पद्धतीने पडला. पुढच्याच वर्षी, 1934 मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलीची व्याख्या अशी केली की ही सायकल अधिकृत शर्यतींतून बाहेर गेली.

तरीही काम थांबले नाही. 1980 साली कॅलिफोर्नियात 'व्हेक्टर' नावाच्या, पूर्ण आवरण घातलेल्या दोन जणांच्या तिचाकीने केवळ पायांच्या जोरावर ताशी 100 कि.मी.ची मर्यादा ओलांडली. 2016 साली नेवाडातील बॅटल माउंटन येथे कॅनडाचे टॉड राइकर्ट आवरण घातलेल्या दुचाकीवर ताशी 144.17 कि.मी.पर्यंत पोहोचले. माणसाच्या पायांत शक्ती तेवढीच असते. या लोकांनी ती वाया जाण्याच्या जागा एकेक करून शोधल्या आणि बंद केल्या. सपाट रस्त्यावर सर्वांत जास्त शक्ती हवा कापण्यात जाते. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 20 वरून 25 च्या वेगावर जायचे तर तिच्यासाठी जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो.

अपघातानंतर आम्ही मैदानावरची फेरी बंद केली, गाडी मात्र बंद केली नाही. दिवाळीच्या सुटीनंतरच्या चार शनिवारी आमच्या विज्ञान शिक्षकांना सीटवर बसवून ती प्रवेशद्वाराजवळच्या लहानशा उतारावरून न ढकलता सोडली आणि कुठे थांबते ते टेपने मोजले. चालक तोच, उतार तोच, एका वेळी बदल एकच.

निष्कर्ष मुलांनाही अनपेक्षित होते. मडगार्ड काढल्याने अंतरात मोजण्यासारखा फरक पडला नाही. सपाट जमिनीवर किलोभर वजनाने विशेष काही होत नाही, ते चढावर जाणवते. मोठ्या चेनव्हीलने लहान मुलांचा वेग उलट घटला. साध्या सायकलीवर आपण उभे राहून पायडलवर सारे वजन टाकू शकतो, इथे ते शक्य नाही. जड गिअर ओढून गुडघे दुखवून घेण्यापेक्षा हलका गिअर भरभर फिरवणे बरे. हवा भरल्याने थोडा फायदा झाला. सर्वांत मोठा फायदा ज्या गोष्टीने झाला, तिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

आठवीतल्या एका मुलीने पुढच्या दोन चाकांच्या रिममधले अंतर आधी पुढच्या बाजूने आणि मग मागच्या बाजूने मोजले. फरक नऊ मिलिमीटर निघाला. चाके समांतर नव्हती, ती चालताना जमिनीवर घासत होती. टाय रॉड फिरवून ती सरळ केल्यावर जी गाडी 41 मीटरवर थांबत होती, ती 55 मीटरवर जाऊन थांबली. एक पैसा खर्च झाला नाही. मोठ्या चेनव्हीलसाठी वर्गणी काढणारे दहावीतले विद्यार्थी त्या दिवशी बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी आपण होऊन त्या मुलीकडे मोजणीची वही सोपवली.

याच कारणास्तव आम्ही म्हणतो की ही गाडी भंगारात देऊ नये. ज्या विद्यार्थ्याला गणितात कसेबसे पस्तीस गुण मिळतात, तो आज त्रिज्या आणि वर्ग यांवर मित्रांशी वाद घालतो. हे आमच्या तासाला कधी घडले नव्हते. 'यातून बोर्डाच्या परीक्षेत काय मिळणार?' असे एका विश्वस्तांनी विचारले. कदाचित काहीच मिळणार नाही. पण आपल्याला वाटते तसे नसून मोजले तसे असते, ही सवय लागली तर ती परीक्षेनंतरही उपयोगी पडेल.

पालकांची भीती आम्ही खोटी मानत नाही. जिच्या मुलाचे हाड मोडले, तिला भाषण ऐकवण्याचा आम्हांला अधिकार नाही. मात्र एक गोष्ट नम्रपणे विचारायची आहे. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर पाहा. परवान्याचे वय न झालेली आपलीच काही मुले स्कूटरवर, डोक्यावर हेल्मेट न घालता, तिघे तिघे बसून जातात. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंडाची तरतूद आहे. त्याविषयी सभेत कोणी बोलले नाही. ताशी 20 कि.मी.ची तिचाकी मैदानात बंद करायची आणि ताशी 60 ची स्कूटर रस्त्यावर सोडायची, हा हिशेब आम्हांला जुळत नाही. मुलांना वेग हवाच असतो. तो समजून घ्यायला त्यांना एक सुरक्षित जागा द्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमचा प्रस्ताव असा आहे. तिचाकी राहावी आणि भांडारालगतची खोली शनिवारचे दोन तास मुलांकडे असावी. फेरीपूर्वी दोन्ही ब्रेक तपासले जातील, आणि ठरलेल्या वेगातून आखलेल्या रेषेच्या आत गाडी थांबली तरच फेरी सुरू होईल. हेल्मेट आणि बंद बूट आवश्यक राहतील. पाय पायडलला पट्ट्याने बांधलेले असतील, कारण या गाडीवर पाय घसरून खाली गेला तर तो गाडीखाली सापडतो. कडुनिंबाच्या वळणाआधी चुन्याची रेघ असेल, तिच्याआधी वेग कमी करायचा. एका शनिवारी एकच बदल होईल आणि तो वहीत लिहिला जाईल. गाडी रस्त्यावर नेली जाणार नाही. ती इतकी खाली आहे की बसच्या चालकाला दिसणार नाही. काढलेली झेंड्याची काठी आणि आरसा मैदानातही पुन्हा लावले आहेत. पालकांची लेखी संमती नसेल तर मूल मोजणी करील, चालवणार नाही.

या सर्वांखाली पहिली सही आमची राहील. पुन्हा काही झाले तर जाब मुलांना नव्हे, आम्हांला विचारावा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आम्ही भेटलो. त्यांनी अजून होकार दिलेला नाही आणि आम्ही आग्रह धरलेला नाही. त्यांचा मुलगा सध्या चुन्याची रेघ आखतो आणि घड्याळ लावतो. पुढच्या शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता ब्रेकची चाचणी आहे. विश्वस्तांनी आणि पालकांनी ती समक्ष पाहावी आणि मगच निर्णय द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
प्राचार्य