घरी उघडलेले इंजिन

यामाहा कंपनीची 'बॅन्शी' ही लहान चारचाकी गाडी रस्त्यासाठी नव्हतीच. वाळूच्या टेकड्या आणि माळरान हीच तिची वाट. अमेरिकेत ती १९८७ पासून २००६ पर्यंत विकली गेली. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि तिचे ३४७ घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन त्यांत बसणारे नव्हते. विक्री थांबून इतकी वर्षे लोटली तरी या गाड्या धावत आहेत, याचे श्रेय कारखान्याला नव्हे, मालकांच्या घराशेजारच्या गॅरेजांना द्यावे लागेल. तेथे ही इंजिने सुटीच्या दिवशी उघडली जातात आणि नवी होऊन पुन्हा गाडीवर चढतात. हौशी लोकांचा उद्योग म्हणून त्याकडे दुर्लक्ष करावे, असे पुष्कळांना वाटेल. पण अर्थशास्त्राला तसे करता येणार नाही.

अशा इंजिनाचा पहिला शत्रू धूळ. एअर फिल्टरची हेळसांड झाली की बारीक वाळू आत शिरते, रिंगा झिजतात, सिलिंडरला ओरखडे पडतात आणि कॉम्प्रेशन उतरते. मग हेड व सिलिंडर उतरवून मोजमाप घ्यावे लागते. सिलिंडरचा मूळ व्यास ६४ मिलिमीटर. तो वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा, कारण झीज सर्वत्र सारखी नसते. ती मर्यादेबाहेर असेल तर बोअर वाढवून किंचित मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. ती कमी पडली तर पिस्टन तापून जाम होतो, जास्त झाली तर खडखडतो. रिंगेच्या दोन टोकांतील अंतर फीलर गेजने पाहायचे, हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या जोराने आवळायचे. याला अलौकिक बुद्धी लागत नाही. धीर लागतो आणि बिनचूक आकडे लागतात. शिवाय 'घरी' हा शब्दही पूर्ण खरा नाही. बोअरचे काम गावातल्या यंत्रशाळेतूनच करून आणावे लागते आणि क्रँकशाफ्टचे जोडकाम प्रेसखेरीज होत नाही.

हे काम मालकाने स्वतः का करावे? बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या विवेचनात याचे उत्तर आहे. पिस्टन तयार करणारा कारखाना वर्षानुवर्षे अधिक उत्पादक होत गेला, परंतु इंजिन उघडणाऱ्या हाताला लागणारे तास फारसे कमी झाले नाहीत. साहजिकच श्रीमंत देशात सुटा भाग तुलनेने स्वस्त आणि कारागिराचा तास महाग झाला. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मात्र या श्रमाला ओळखत नाही. वर्कशॉपला पैसे दिले तर उत्पन्न वाढते. मालकाने रविवार खर्ची घातला तर फक्त पिस्टनच्या किमतीची नोंद होते. गृहिणीच्या श्रमाबाबत पिगूने दाखवलेली विसंगती ती हीच.

टू-स्ट्रोकचा धूर वाईट, आणि जुनी इंजिने जगवणे म्हणजे तो धूर जगवणे, हा आक्षेप खोटा नाही. पण त्याच्या आडून दुरुस्तीचाच हक्क काढून घेणे हा निराळा व्यवहार आहे. नव्या यंत्रांत माप पुस्तकात नसते, संगणकात असते, आणि त्या संगणकाची किल्ली कंपनीकडे. अमेरिकेत २०१५ मध्ये वाहनातील सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडण्यास कॉपीराइटच्या नियमांतून सूट द्यावी लागली. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ट्रॅक्टर बनवणाऱ्या डिअर कंपनीविरुद्ध याच प्रश्नावर दावा दाखल केला.

आपल्याकडे चित्र उलटे आहे. येथे कारागिराचा तास स्वस्त असल्याने मालक हात काळे करीत नाही. इंजिन तालुक्याच्या मिस्त्रीकडे जाते आणि बोअर लेथवाल्याकडे होतो. त्याचे ज्ञान कागदावर नाही, उस्तादाकडून शिकलेल्या हातात आहे. कार्ब्युरेटरच्या काळात ते पुरत होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके आली, दुचाकीतही इंधनाचे इंजेक्शन रुळले आणि दोष शोधण्यासाठी स्कॅनर लागू लागला. येथे कोंडी होते ती हौशी माणसाची नव्हे, या मिस्त्रीच्या पोटाची. आणि त्याच्या मागोमाग कर्ज काढून मोटारसायकल घेणाऱ्या कारकुनाची व शिक्षकाची.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत या विषयावर समिती नेमली. शेतीची उपकरणे आणि मोटारवाहने ही तिच्या चार क्षेत्रांपैकी दोन होती. डिसेंबरात पोर्टलही निघाले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. दुरुस्तीची माहिती कोणी द्यायची, किती दिवसांत, कोणत्या किमतीला, आणि न दिल्यास दंड किती, हे पोर्टलवर ठरत नसते. ते संसदेत ठरते. तेथे हा विषय निघेल तेव्हा सदस्यांनी एक साधी चौकशी करावी: मापांचा तक्ता आणि वायरिंगची आकृती कंपनीच्या अधिकृत केंद्राबाहेरच्या मिस्त्रीला, त्याला वाचता येईल अशा भाषेत, कोठे मिळते?