पिन कोड ही संख्या नव्हे

डोंबिवली पूर्वेचा पिन ४२१२०१. समजा, सोसायटीच्या एका सभासदाचा पिन मोबाइल अ‍ॅपमधून मजकूर म्हणून नोंदला गेला आणि दुसऱ्याचा एक्सेलच्या जुन्या यादीतून संख्या म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसच्या लेखी मात्र ते दोन वेगळे पिन आहेत. संख्या देऊन शोधले की मजकूरवाली नोंद निसटते. चूक झाल्याची सूचना येत नाही. अपुरी यादी पुरी समजून पुढचे काम होते.

सोसायटीच्या हिशेबात हे महागात पडते. ‘पाच हजारांहून अधिक थकबाकी’ असा शोध संख्येने घेतला, तर ज्यांची रक्कम मजकूर म्हणून भरली गेली ते थकबाकीदार यादीत येतच नाहीत. फ्लॅट क्रमांक मजकूर असतील, तर नेहमीच्या क्रमवारीत १० हा ९ च्या आधी बसतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते.

तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये रकाना आखतानाच त्यात काय भरायचे ते ठरवावे लागते. डॉक्युमेंट डेटाबेस ही सक्ती आपणहून करत नाही. त्यामुळे काम झटपट उभे राहते, पण ठरवण्याची जबाबदारी संपत नाही.

ठरवायचे कसे, हे पिन कोडच शिकवतो. संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल वर्गवारीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. ठाणे पश्चिमेचा ४००६०१ आणि कल्याण पश्चिमेचा ४२१३०१ यांची बेरीज कोणी करत नाही. ‘४२१ ने सुरू होणारे पत्ते’ मात्र रोज हवे असतात, आणि हा शोध मजकुरावरच सरळ चालतो. म्हणून पिन आणि फोन मजकूर, रक्कम संख्या, तारीख ही तारीख.

२०१५ मध्ये आलेल्या मोंगोडीबी ३.२ पासून असे नियम डेटाबेसलाच सांगता येतात. चुकीच्या प्रकारची नवी नोंद तो नाकारतो. जुन्या नोंदींतला प्रकारही शोधून काढता येतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या सोसायट्या, पतपेढ्या आणि क्लास यांनी सॉफ्टवेअर घेताना या नियमांचा तक्ता करारातच मागावा, आणि जुना डेटा नव्या यंत्रणेत नेण्याआधी प्रत्येक रकान्यात किती संख्या आणि किती मजकूर आहेत, त्याची मोजणी करून घ्यावी.