दिवा विझला तरी नोंद करा

बारामती-गोंदियाला विमान चालवायला शिकणाऱ्या मुलामुलींनो, चेन्नईच्या नुंगंबाक्कमहून एक कळकळीची विनंती. उड्डाणात 'लो व्होल्ट्स'चा लाल दिवा लागला आणि आपोआप विझला, तर 'सुटलो' म्हणून विषय सोडू नका. उतरल्याबरोबर टेक लॉगमध्ये लिहा: दिवा कधी लागला, व्होल्टमीटर किती दाखवत होता, आरपीएम किती, कोणते दिवे-रेडिओ चालू होते, पाऊस होता का. अधूनमधून येणारा दोष हँगरमध्ये दडी मारतो. एएमईला, म्हणजे देखभाल अभियंत्याला, तुमच्या या चार ओळींचाच आधार असतो.

नव्या सेसना १७२ मध्ये अल्टरनेटर नीट चालला की २८ व्होल्टच्या आसपास दिसतात. साधारण साडेचोवीसच्या खाली दिवा लागतो, म्हणजे सगळा भार एकट्या बॅटरीवर आलेला असतो. मग अल्टरनेटरच बदलायची घाई होते. तो महाग असतो आणि पुष्कळदा निर्दोषही. आधी तारा बघायला सांगा. अल्टरनेटरच्या फील्डची तार बारीक असते, इंजिनाबरोबर सतत थरथरते, आणि टर्मिनलच्या तोंडाशी आवरणाच्या आत तिचा एकेक धागा तुटत जातो. वरून तार धडधाकट दिसते. हलकेच ओढली की आवरण तेवढं ताणतं; आत दोन धागे कसेबसे टेकलेले असतात. मास्टर स्विचचे झिजलेले पॉइंट हेच करतात. आमच्याकडे चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस आणि बारमाही खारी हवा, त्यामुळे अर्थिंगच्या पट्टीखालीही गंज धरतो. भार चालू ठेवून मीटर लावल्याशिवाय तो सापडत नाही.

हवेत मात्र तपास करत बसू नका. चेकलिस्टप्रमाणे अल्टरनेटर एकदाच बंद-चालू करा. पुन्हा गेला तर नको तो भार काढा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा. सेसनाचं इंजिन बंद पडेल ही भीती नको. त्याचे प्लग मॅग्नेटोवर चालतात. १९३२ साली टाटांचं टपाल मद्रासला आणणाऱ्या पुस मॉथ विमानात तर रेडिओही नव्हता. डिझेलच्या डायमंड विमानांचं तसं नाही, तिथे इंजिनाचा संगणक विजेवरच चालतो. मार्च २००७ मध्ये जर्मनीत श्पायर इथे, चार्ज संपलेल्या बॅटरीनिशी उडालेल्या डीए४२ ची चाकं वर घेताना व्होल्टेज पडलं आणि दोन्ही इंजिनं थांबली.

आईवडिलांनो, 'आज दोष लिहून दिला, विमान उभं आहे' असा मुलीचा फोन आला, तर तास बुडाले म्हणून हळहळू नका. तिला शाबासकी द्या.